कडेवरची चाल

केंद्राच्या फॉर्मवर सतरावा प्रश्न होता, ‘चालीत काही दोष आहे का?’ मी ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. पुढचं सगळं रामायण त्या उत्तरातून घडलं, पण मी खोटं लिहिलं असं मला आजही वाटत नाही. नऊ वर्षं पोरीला कडेवर घेऊन हिंडणं याला दोष म्हणतात, हे कुठल्या आईच्या डोक्यात येईल?

मी अश्लेषा. तासगावच्या एसटी स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारते. गाड्या आता विजेवर धावतात, तिकीट मनगटावर निघतं, मधे दोन वर्षं पुकारायचं कामही मशीनच करत होतं. पण आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना मशीनशी भांडता येईना. ‘सावळजची गाडी अजून का नाही?’ असं विचारल्यावर समोर कुणीतरी ओशाळायला पाहिजे की नको? म्हणून परत माणूस बसवलं, ते मी. माझी मुलगी केतकी शाळा सुटली की केबिनमध्ये माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसायची. बाकीची पोरं मिठाईच्या दुकानाकडे बघतात तसं ती फलाटावरच्या चालणाऱ्या माणसांकडे बघायची.

केतकी सात आठवडे आधी जन्मली. त्या घाईत तिच्या मेंदूला काही वेळ प्राणवायू कमी पडला आणि पायांकडे निरोप नेणाऱ्या वाटा अर्धवट राहिल्या. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. तिची बुद्धी तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण पाय ताठ. उभं केलं की गुडघे एकमेकांवर आदळायचे आणि टाचा जमिनीला लागायच्या नाहीत. व्हीलचेअर होती. पण आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, शाळेला सात पायऱ्या, दवाखान्याला अकरा, आणि या पायऱ्यांना व्हीलचेअरचं कुणी कळवलेलं नव्हतं. त्यामुळे माझी डावी कड हीच तिची खरी गाडी. ती चार वर्षांची असताना नवरा नाशिकला गेला आणि तिथे दुसरा संसार थाटून बसला. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

मिरजेत मुलांसाठी चालण्याचं नवं केंद्र निघालं तेव्हा केतकीला नववं सरत आलं होतं. तिथल्या डॉक्टर सबनीस वयानं माझ्याहून लहान, पण बोलायला एकदम स्पष्ट. त्यांनी मला सगळं नीट समजावलं.

पूर्वीही अशा मुलांच्या डोक्याला बाहेरून मंद वीज देत आणि त्याच वेळी त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवत. फायदा व्हायचा, पण बेताचाच, कारण ती वीज सगळा वेळ एकसारखी वाहायची. नव्या पद्धतीत एक ‘चालदाता’ लागतो. चांगल्या चालणाऱ्या नातेवाइकाला सेन्सरची टोपी घालून दोन दिवस चालवतात. पाऊल उचलायच्या आधी मेंदूत कुठे, काय आणि सेकंदाच्या कितव्या हजाराव्या भागात उमटतं, ते टिपून घेतात. मग मूल झोळीत अर्धं तोलून पट्ट्यावर चालत असताना त्याच्या मेंदूला त्याच जागी, नेमक्या त्याच क्षणी विजेची बारीक टिचकी देतात. रोज दोन तास, नव्वद दिवस. रक्ताचं नातं असलं की हाडांची ठेवण जुळते आणि ताल लवकर बसतो. बहुतेक वेळा दाता आईच असते. मुलं त्या टोपीला टोपरं म्हणायची.

‘एक लक्षात ठेवा,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘या टिचक्यांनी मेंदू पुन्हा तान्ह्या बाळासारखा मऊ पडतो. आम्ही त्याला खिडकी उघडणं म्हणतो. ती दोन वर्षं उघडी राहते आणि मग आपोआप मिटते. तोवर मूल विजेतून शिकतं तसं बघूनही शिकतं. मिटताना जी चाल असेल ती जन्माची. आणि कोर्स फार तर दोनदा देता येतो. तिसऱ्यांदा दिला तर फिट येण्याची भीती.’

मला यातलं फक्त ‘चालेल’ एवढंच ऐकू आलं. मी फॉर्म भरला, टोपी घातली, आणि ‘नेहमीसारखं चाला’ म्हटल्यावर नेहमीसारखी चालले.

त्र्याऐंशीव्या दिवशी केतकीनं झोळी सोडून सहा पावलं टाकली. नव्वदाव्या दिवशी ती मिरजेच्या बसमधून तासगावला स्वतःच्या पायांनी उतरली, बोट न धरता. मी धावत केबिनमध्ये गेले आणि माइकवर पुकारलं, ‘फलाट क्रमांक तीनवर केतकी चालत आलेली आहे.’ नियमात बसत नव्हतं. पण अख्ख्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या, कंट्रोलरसाहेब डोळे पुसत म्हणाले, ‘मॅडम, मेमो देतो तुम्हाला,’ आणि चहावाल्या आक्कानं केतकीला दोन्ही हातांनी कुरवाळून कानशिलावर बोटं मोडली.

‘आईवर गेलीया बघा चालायला,’ आक्का म्हणाली. ‘हुबेहूब.’

मी हरखून गेले. महिनाभर जो भेटेल तो तेच म्हणत होता आणि मी ते कौतुक म्हणून पदरात बांधत होते.

महिन्यानं तपासणीला गेलो. केंद्रात एक लांब चटई आहे, तिच्यावरून चाललं की पायाचा कुठला भाग किती दाबला गेला ते पडद्यावर रंगात उमटतं. केतकी चालून गेली. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र मोठं करून पाहिलं. मग तिला खेळायच्या खोलीत पाठवून त्यांनी मला चालायला लावलं. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आली, एक मोठ्या पायांचं, एक छोट्या. डावा पाय जड, उजवा हलका. कंबर डावीकडे काढलेली, खांदे उजवीकडे कललेले, डावा हात कोपरात वाकलेला.

‘केतकीच्या आई,’ डॉक्टर सबनीस हळूच म्हणाल्या, ‘तुम्ही अशा चालता कारण तुमच्या कडेवर ती असते. तिच्या कडेवर कोण आहे?’

माझी नऊ वर्षांची मुलगी मूल कडेवर घेतल्यासारखी चालत होती.

त्या स्वतःलाही बोल लावत होत्या. पाऊल कुठे पडतं ते यंत्र सुधारून घेतं, पण धडात धरून ठेवलेलं ओझं त्याला दिसलं नव्हतं. टोपी घालून चालताना माझे हात रिकामे होते, म्हणून कुणाला शंका आली नाही. असंच राहिलं तर चौदाव्या-पंधराव्या वर्षी केतकीचा कणा वाकेल, डावा खुबा झिजेल आणि ती पुन्हा बसेल. आत्ता दुसरा कोर्स द्यायचा, दुसऱ्या दात्याचा ताल घेऊन. हा शेवटचा.

‘आणि त्या नव्वद दिवसांत तिनं तुम्हाला चालताना बघायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘प्रत्यक्षात नाही, व्हिडिओत नाही. मूल जीव लावून ज्याच्याकडे बघतं त्याची चाल उचलतं. ती सगळ्यात जास्त तुमच्याकडे बघते.’

माझ्या माहेरी कुणी उरलं नाही. केतकीच्या बापाला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिच्या रक्ताच्या नात्यात राहिली ती माझी नणंद, वैजयंतावन्सं. मिरजेतच राहतात, एकट्या, पोस्टात टपाल वाटतात. पार्सलं आता ड्रोन टाकून जातात, पण सही घ्यायची टपालं अजून माणूसच नेतं. भाऊ पळाला तेव्हा वन्संचा त्यात काडीचा दोष नव्हता. तरी मी त्यांना सांगितलं होतं, तुमच्या घराशी आमचा संबंध संपला. केतकीच्या बारशाला तिच्या कानात कुर्र करून नाव ठेवलं ते त्यांनीच, आणि नंतर पाच वर्षं मी त्यांना त्या नावाची हाक मारू दिली नव्हती. राग एकावर, वड्याचं तेल वांग्यावर.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

‘वन्सं, मी अश्लेषा.’

‘दिसलं की. नंबर कुठं पुसलाय मी? पोरगी बरी हाय न्हवं?’

मी सगळं सांगितलं.

‘म्हंजे माझी चाल पायजे तुला,’ त्या शेवटी म्हणाल्या.

‘हो.’

‘आन की मग पोरीला. नाव मीच ठेवलंय, चाल बी नेऊ दे माझी. त्यात काय एवढं?’

डॉक्टर या वेळी शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी वन्संना तासभर उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. पिशवी कुठल्या खांद्याला? दोन्ही, गल्ली बदलली की खांदा बदलते. पडलात कधी? कधीच नाही. मूल वाढवलंय? यावर वन्सं म्हणाल्या, ‘न्हाई. रिकामीच हाय मी.’ चटईवर त्यांची पावलं आखल्यासारखी सरळ उमटली.

राहिला प्रश्न केतकीला काय सांगायचं हा. खरं सांगणं सोपं होतं. पण ती हुशार आहे. ‘आईची चाल वाकडी आहे’ म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न ‘का?’ असणार, आणि त्याचं उत्तर ‘तुला उचलून’ हे आहे. मी आईला वाकडं केलं, हे ओझं नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवायला माझं मन धजेना. कधी सांगायचंच झालं तर ती मोठी झाल्यावर. मी डॉक्टरांकडून आणि वन्संकडून शब्द घेतला.

‘केंद्राचा नियम आहे,’ मी केतकीला सांगितलं. ‘दुसऱ्या कोर्सला आई चालत नाही. फोनवर रोज बोलू.’

‘नियम कुणी केला?’

‘मोठ्या डॉक्टरांनी.’

‘त्यांना आई नव्हती काय?’ केतकीनं विचारलं, आणि मग माझ्याकडे न बघता बॅगेत कपडे भरायला लागली.

वन्संच्या दारात मी तिला शेवटची कडेवर घेतली. खरं तर गरज नव्हती. मग रिक्षात बसले, रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात उभी होती, डावी कंबर काढून.

घरी आल्यावर मला कळेना, डाव्या हाताचं काय करायचं. भात टाकताना, कुलूप लावताना, जिन्यावरून उतरताना तो आपला कोपरात वाकलेला. मी त्याला खिशात कोंबायची, थोड्या वेळानं बघावं तर परत बाहेर. एक वाटी तांदूळ दोघींना लागायचा. अर्धी वाटी टाकली की पातेल्यात भात दिसायचाच नाही, म्हणून मी परत एक वाटी टाकायला लागले आणि उरलेला सकाळी फोडणीला घालून डब्यात न्यायला लागले. घरात बोलायला कुणी नाही आणि स्टँडवर मी दिवसभर बोलते. हजार माणसं माझा आवाज ऐकतात आणि त्यातलं एकही मला उत्तर देत नाही, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. आता स्टूल रिकामं झाल्यावर आलं.

फोन रोज सहाला. कॅमेरा बंद, फक्त आवाज.

‘आई, पुकार की,’ केतकी म्हणायची. मग मी फोनमध्ये पुकारायची, ‘सांगलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे,’ आणि ती पलीकडून प्रवाशासारखं ओरडायची, ‘ओ बाई, मणेराजुरीची कधी?’ पहिले पंधरा-वीस दिवस हा खेळ चालला. मग ती सांगायला लागली, आत्तीबरोबर टपाल वाटायला गेले होते, तीन गल्ल्या. मग सात गल्ल्या. मग सहाचा फोन साडेसहाला यायला लागला आणि एक दिवस वन्संनीच उचलला.

‘खेळायला गेलीया खाली,’ त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. ‘लंगडी खेळत्यात पोरी. बोलवू का?’

लंगडी! माझी केतकी एका पायावर! ‘नको, खेळू दे,’ असं मी म्हटलं आणि फोन ठेवून रडले. आनंदानं रडले असं लिहायला मला आवडलं असतं. अर्धा आनंद होता. अर्धं एवढंच होतं की ती पहिल्यांदा लंगडी खेळली आणि मी तिथे नव्हते.

तेव्हाच माझ्या डोक्यात ते भूत शिरलं. मी सरळ चालायला शिकले तर? चाळीस दिवस हातात होते. मग तिला घरी आणायला कुणाची हरकत असणार नाही.

पहाटेची पहिली गाडी सुटल्यावर फलाट अर्धा तास मोकळा असतो. फलाटाच्या कडेनं पिवळी पट्टी आहे. मी उजव्या हातात पाण्याचा कॅन घेऊन त्या पट्टीवरून चालायचा सराव सुरू केला. डावा हात सरळ, कंबर आत, खांदे समान. ड्रायव्हर मंडळींना फुकटचा तमाशा मिळाला. ‘फॅशन शो हाय काय ताई?’ पलूसच्या गाडीचा ड्रायव्हर रोज विचारायचा. मी म्हणायची, ‘तिकीट काढा आणि बघा.’ कंबर ठणकायची, रात्री कुशीवर वळवत नव्हतं, पण हळूहळू आरशात मी सरळ दिसायला लागले. आक्कानं एकदा चहा देता देता विचारलं, ‘तब्येत बरी न्हाई काय गं? दुसऱ्याच कुणावानी दिसायलीस.’ मला ते पहिल्या नंबराच्या बक्षिसासारखं वाटलं.

ऐंशीव्या दिवशी सकाळी, केतकीची वेळ दुपारची असते म्हणून, मी मिरजेला गेले आणि डॉक्टर सबनीसांसमोर चटईवरून चालून दाखवलं. पडद्यावर पावलं उमटली. डावं आणि उजवं, दोन्ही सारख्या रंगाची. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. ‘टोपी घालूया?’ त्यांनी विचारलं.

मी टोपी घातली आणि पुन्हा चालले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग पडदा माझ्याकडे वळवला. मेंदूचं चित्र होतं. दर पावलाआधी उजवीकडचा एक ठिपका पेटत होता आणि मागोमाग दुसरा.

‘हा दुसरा म्हणजे तुम्ही सरळ राहायचा प्रयत्न करताय तो,’ त्या म्हणाल्या. ‘प्रयत्न जबरदस्त आहे. पण पहिला अजून तिथेच आहे. पाऊल टाकायच्या आधी तुमचा मेंदू डाव्या बाजूला वजन येणार म्हणून तयारी करतो. मग तुम्ही ती तयारी मोडून काढता. लक्ष जरा हललं, भाजी करपली, दारावरची बेल वाजली, की जुनी चाल बाहेर येणार.’

‘किती वजन?’ मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

त्यांनी काहीतरी हिशेब केला. ‘साधारण बावीस किलो.’

पहिल्या कोर्सच्या वेळी केतकीचं वजन बावीस होतं. ‘आता ती चोवीसची झालीये,’ डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

‘मला द्या ना ती वीज,’ मी म्हटलं. ‘वन्संचा ताल मलाही द्या.’

‘मोठ्यांची खिडकी उघडत नाही, ताई. आम्ही करून बघितलंय. नुसतं डोकं दुखतं.’

मग त्यांनी मला आकडे सांगितले. केतकीचा कोर्स उत्तम झाला होता. खिडकी मिटायला अजून दीड वर्ष होतं. एवढ्यात ती माझ्याबरोबर राहायला आली तर जुनी चाल परत येण्याची शक्यता दहात सहा. परत आली तर तिसरा कोर्स नाही. भेटायला हरकत नव्हती, पण मी बसलेली पाहिजे. ती येण्याआधी बसायचं आणि ती गेल्यावर उठायचं.

‘निर्णय तुमचा,’ त्या म्हणाल्या. ‘घरी न्यायचा हक्क तुम्हाला आहेच. मुलासमोर न चालण्याची काळजी घेणाऱ्या आया असतात.’

बसमध्ये मी हिशेब मांडत होते. ओट्यापासून नळ चार पावलं. नळापासून दोरी सहा. दारात दूध, गॅलरीत कपडे, खाली कचरा. दीड वर्ष घरात बसून राहणारी बाई अजून जन्माला यायची आहे. तासगाव आलं तरी मला उतरायचं भान नव्हतं, कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उठले.

नव्वदावा दिवस रविवार होता. केंद्राच्या मागे छोटी बाग आहे, लिंबाच्या झाडाखाली बाक आहे. मी ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन त्या बाकावर बसले आणि पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली.

दार उघडून आधी वन्संसारखं कुणीतरी आलं. लांब, बिनधास्त ढांगा, हात मोकळे, मान वर, जणू दहा घरची टपालं द्यायचीत आणि वेळ थोडा आहे. मी मागे वन्संच्या आडून केतकी दिसते का ते बघायला मान वाकडी केली. मग कळलं, हीच ती. मी माझ्या मुलीला चालीवरून ओळखलं नव्हतं.

‘आई!’ ती अंगावर येऊन आदळली. तीन महिन्यांची उंची वाढली होती, केसांना नव्या तेलाचा वास होता. तिनं पाठीवरची बॅग उतरवून बाकावर ठेवली. गच्च भरलेली होती. ‘सगळं घेतलंय. ब्रशपण. चल, पावणेपाचची गाडी आहे ना?’

वन्सं दाराशीच थांबल्या होत्या. त्यांना माझा निर्णय आदल्या दिवशी सांगितला होता.

‘केतू, बस जरा,’ मी म्हटलं. ‘तू अजून थोडे दिवस आत्तीकडे राहायचंस.’

‘किती थोडे?’

‘दीड वर्ष. मी दर रविवारी येईन. इथेच, या बाकावर.’

तिचा विश्वास बसला नाही. आधी ती हसली. मग म्हणाली, ‘नियम संपला. नव्वद दिवस झाले. सानिकापण दुसऱ्या कोर्सलाच होती, ती काल गेली तिच्या आईबरोबर घरी. तिला नाही काय नियम?’

मला सानिकाचं ठाऊक नव्हतं. मी रात्रभर चार-पाच उत्तरं तयार केली होती, त्यातलं पहिलं पुढे केलं.

‘मला आता दोन पाळ्या असतात गं,’ मी म्हटलं. ‘सकाळची पण आणि संध्याकाळची पण.’

‘मग मी स्टुलावर बसेन.’

‘शाळा इथली चांगली आहे.’

‘तू खोटं बोलतीयस. खोटं बोलताना तू पर्सची चेन ओढतीस.’

मी चेनवरचा हात काढला. ती माझ्यासमोर उभी होती, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, टाचा जमिनीला टेकलेल्या. या पोरीला असं उभं राहिलेलं बघायला मी नऊ वर्षं देवाला काय काय बोलले होते.

‘आधी मी जड होते,’ ती म्हणाली. ‘तुझी कंबर दुखायची, मला माहीत आहे, तू रात्री बाम लावायचीस. पण आता तर मला उचलायचंपण नाहीये. मी जिना चढते. मी पाणीपण आणेन. आता का नकोय मी तुला?’

‘सांग की गं तिला!’ दारातून वन्सं कळवळून म्हणाल्या. ‘सांगून टाक एकदा!’

शब्द ओठांवर आले होते. तू नको आहेस असं नाही, तू माझ्या अंगातून अजून उतरलेली नाहीस. पण बामाचं तिला ठाऊक होतं. म्हणजे अर्धं तिनं ओळखलंच होतं, आणि उरलेलं अर्धं सांगितलं तर ते ती जन्मभर वागवेल, मी तिला वागवलं तसं. माझ्यावरचा राग एखाद दिवशी उतरेल. मी नाही म्हणून मान हलवली. वन्संनी तोंडाला पदर लावला.

‘हवी आहेस,’ मी म्हटलं. ‘पण इथे राहा.’

केतकीनं बॅग उचलली. तिचं नाक लाल झालं होतं, पण रडली नाही.

‘येऊ नकोस मग रविवारी,’ ती म्हणाली आणि वळली.

आजवर कितीतरी वेळा ती माझ्यावर चिडली होती. गोळ्यांवरून, अभ्यासावरून, वेणी घट्ट घातली म्हणून. पण चिडून जाणार कुठे? माझ्याच कडेवर, माझ्याच खांद्यावर तोंड फिरवून बसायची आणि पाच मिनिटांत विरघळायची. रागानं पाय आपटत निघून जाणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमत होतं. धाड, धाड, धाड. डावा, उजवा, डावा. मी प्रत्येक पाऊल बघत होते. कंबर सरळ होती. खांदे सरळ होते. बॅगेच्या ओझ्यानंही ती कुठे कलली नाही.

माझे पाय आपोआप ताणले गेले. धावत जावं, तिला मागून धरावं, सगळं ओकून टाकावं. दहा पावलांचं अंतर होतं. मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

दाराशी पोचल्यावर ती थांबली आणि मी येतेय का ते बघायला तिनं मागे वळून पाहिलं.

मी बसलेली होते.